सोनाळ्यातला एक सेट

सोनाळा नकाशावर शोधायला मला अजूनही वेळ लागतो. वाट मात्र पाठ आहे. शेगाव स्टेशनावर उतरायचं, पूर्णा ओलांडायची आणि सातपुडा समोर येईपर्यंत उत्तरेला जात राहायचं. डोंगर लागण्याच्या जरा अलीकडे कापसाचं आणि मिरचीचं जे मोठं गाव लागतं, ते सोनाळा. पुण्यातल्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवणारी मी आणि इंग्लंडची एक टेनिसपटू, अशा दोघी भर हिवाळ्यात तिथे काय करत होतो, हे आधी सांगायला हवं.

डोरीन तेवीस वर्षांची होती. यॉर्कशरमधल्या एका गिरणीच्या गावात वडील बस चालवत. नगरपालिकेच्या मैदानावर ती टेनिस शिकली. सोळाव्या वर्षी मुलींमध्ये देशात पहिली आली, विसाव्या वर्षी तिथल्या मोठ्या स्पर्धेत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत पोचली, आणि लगेच करारावर सही करून पैसे घेऊन खेळणारी झाली. हौशी आणि धंदेवाईक खेळाडूंमधली भिंत तेव्हा नुकतीच पडू लागली होती. आपल्याकडे मात्र ‘धंदेवाईक’ हा शब्द अजून नाकाला पदर लावूनच उच्चारला जाई.

पुणे, नागपूर आणि मुंबईला तिथल्या खेळाडूंशी तिचे तिकीट लावून सामने ठरले होते; त्या दौऱ्यात बाईमाणूस सोबत असावं म्हणून मला घेतलं होतं. मी एके काळी राज्याकडून दुहेरी खेळले होते आणि मला इंग्रजी येत होतं. नागपूरच्या सामन्यानंतर आयोजकांनी मला बाजूला घेतलं. ‘‘लक्ष ठेवा हिच्यावर,’’ ते म्हणाले. ‘‘पुण्यात पोट दुखतं म्हणून मध्येच खेळ सोडला. इथेही शेवटी शेवटी कशी खेळली, पाहिलंत ना? पैसे घेऊन खेळणारी माणसं पैसे घेऊन हरतही असतील.’’

ते मनात राहिलं. संशय हा असा पाहुणा आहे की त्याला पाट मांडायची गरज नसते, तो स्वतःच पान वाढून घेतो.

नागपूरच्या सामन्याला सोनाळ्याचे बापूसाहेब देशमुख आले होते. धोतर, कोट, काळी टोपी. वकिलीचा अभ्यास करताना नागपुरात टेनिस शिकले, वकिली सोडली, टेनिस नाही. गावी वाड्याशेजारी त्यांनी मैदान करून घेतलं होतं आणि मुलीला शिकवलं होतं. ‘‘मुंबईचा सामना अजून पाच दिवसांनं हाये ना? मंग दोन दिवस आमच्या गावाले या. माह्या पोरीसंगं एक डाव खेळा,’’ ते म्हणाले. मी भाषांतर करताना नकाराची तयारीच ठेवली होती. डोरीन लगेच हो म्हणाली.

ज्या मुलीला पुण्यातलं चांगलं हॉटेल पसंत पडलं नव्हतं, तिला खेड्यात जायची एवढी घाई का? मी त्या क्षणापासून लक्ष ठेवायला लागले.

शेगाव

पहाटेच्या गाडीनं उतरलो. फलाटावर एका पोलीस जमादारानं आम्हाला अडवलं. तेव्हा रॅकेटी वाकू नयेत म्हणून लाकडी चौकटीत स्क्रूनं आवळून ठेवत. ती चौकट उलटीपालटी करून जमादार म्हणाला, ‘‘हे कायचं यंत्र हाये?’’

‘‘चेंडू मारायची रॅकेट आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मंग तिले कैद काऊन केलं?’’

पाकिस्तानशी लढाई होऊन फार वर्षं झाली नव्हती. हेर असेल या धास्तीनं गोऱ्या माणसाकडे जरा निरखूनच पाहत. डोरीननं हसून स्क्रू सोडून दाखवले. सोडून म्हणजे, मला सोडायला सांगितले. पेटी उचलायला हमाल, स्क्रू सोडायला मी, सकाळी केस बांधायलाही मीच. नागपूरपासून रोज सकाळी ती फणी माझ्या हातात देऊन पाठ करून बसायची. राणीसाहेबांची दासी झाल्यासारखं वाटून मी केस जरा ओढूनच बांधत होते.

गजानन महाराजांचं दर्शन घेतलं आणि प्रसादाच्या पंगतीत बसलो. इथली पंगत मला आवडली. पुण्यात वाढपी चेहरा पाहून वाढतो, इथे द्रोण पाहून. डोरीन मांडी घालून बसली, ते तिला छान जमलं. आणि मग तिनं डावा हात पानात घातला.

शेजारच्या म्हातारीचा घास हातातच राहिला. ‘‘अवं माय,’’ ती पुटपुटली.

मी दबक्या आवाजात सांगितलं, इकडे उजव्या हातानं जेवतात. डोरीन लाल झाली. ‘‘चुकलं. आमच्याकडे काटा डाव्याच हातात धरतात, त्याची सवय,’’ ती म्हणाली. मग तिनं उजवा हात वापरला, पण कोपर गुडघ्यावर टेकवून, मान पानाकडे खाली नेऊन. घास तोंडाकडे येत नव्हता, तोंडच घासाकडे जात होतं.

बाहेर आल्यावर स्टेशनाजवळ गरम कचोरी घेतली. ती तिनं पुन्हा डाव्या हातानं खाल्ली. कचोरी खायला काटा कुठे लागतो? मी मनाशी टिपून ठेवलं.

पूर्णेच्या अलीकडे आणि पलीकडे

बापूसाहेबांनी जीप पाठवली होती. पूर्णेचा काठ हा खारपाणाचा पट्टा, विहिरींना खारं पाणी. वाटेतल्या टपरीवरचा चहा पिऊन मला वाटलं, साखरेऐवजी मीठ पडलं. टपरीवाला म्हणाला, ‘‘पानीच तसं हाये बाई. आमाले गोड पानी पेलं का बेचव लागते.’’ दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बायका जीपचा आवाज ऐकून कमरेवर हात ठेवून उभ्या राहत. लोणारचं सरोवर पाहा, असं टपरीवाल्यापासून ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांनी बजावलं. ते दूर दक्षिणेला, ते राहूनच गेलं.

नदीच्या उतारावर जीपचं चाक रेतीत रुतलं. ड्रायव्हर, मी आणि दोन गाडीवान ढकलायला लागलो. डोरीनही उतरली, पण हात न लावता जीपला पाठ टेकवून उलट्या पायांनी रेटू लागली. गाडीवान हसले. एक जण म्हणाला, ‘‘मेमसायबाची पद्धत उलटी हाये.’’ जीप निघाली, तेव्हा ती धापा टाकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. एवढ्याशा कष्टानं? पाच-पाच सेट खेळणाऱ्यांच्या देशातली ही बाई!

पूर्णेपलीकडे मी सरळच विचारलं, ‘‘तुला सोनाळ्याला का यायचं होतं?’’

‘‘तिथे वर्तमानपत्रवाले नसतील म्हणून,’’ ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

वर्तमानपत्रवाल्यांना कोण घाबरतं? ज्याला काही लपवायचं असतं तो.

सोनाळा

बापूसाहेबांचं घर ऐसपैस आणि गडबडीचं. ओसरीवर कापसाचे ढीग, अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या, आणि मागे पेरूच्या झाडांमध्ये ते मैदान. मुरूम दाबून वर शेणानं सारवलेलं, चुन्याच्या रेघा मारलेलं. जाळी नागपूरची, जरा विरलेली. पुण्यातल्या आमच्या क्लबचं मैदान इतकं सपाट नाही.

मुलीचं नाव कुसुम. सतरा वर्षांची, सावळी, दोन वेण्या, बोलायला कमी आणि बघायला जास्त. आम्ही हातपाय धुऊन जेवायला बसलो तेव्हा ती वाढायला होती. रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि तूप. भाजीचा पहिला घास घेताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुण्याच्या भाजीत गूळ असतो हे ऐकून बापूसाहेबांच्या पत्नी, म्हणजे काकू, इतक्या हसल्या की त्यांना पदर तोंडाशी धरावा लागला. ‘‘भाजीत गूळ? मंग लाडवात काय टाकता, मिरची?’’

डोरीनला त्यांनी चमचा दिला होता. कुसुम तूप वाढताना तिच्यापाशी जरा जास्त वेळ थांबली, असं मला वाटलं.

संध्याकाळी ओसरीवर अकोटचे पाहुणे आले. तिथल्या एका मोठ्या बागायतदाराच्या मुलाशी कुसुमचं ठरत आलं होतं. मुलाच्या वडिलांनी डोरीनकडे तिरक्या नजरेनं पाहून मला विचारलं, ‘‘ह्या बाई तिकीट लावून खेळतात म्हने? घरचे काही म्हनत नाहीत?’’

त्यावर बापूसाहेबांना चेव आला की काय कोण जाणे. त्यांनी पानाचा डबा खाली ठेवला. ‘‘ऐका पाहुने. उद्या माही पोट्टी मेमसायबासंगं खेळते. एक सेट तिनं घेतला, तं लग्न दोन वर्सं थांबन आन् ते पुण्याले शिकाले जाईन. नाही घेतला, तं रॅकेट माळ्यावर. मंग तुमी म्हनान ती तिथी.’’

पाहुणे हसले. त्यांच्या दृष्टीनं लग्न ठरल्यातच जमा होतं. दारात उभ्या असलेल्या काकू मात्र हसल्या नाहीत. त्या कुसुमकडे पाहत होत्या, आणि कुसुम डोरीनकडे. मी डोरीनला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘बिचारी.’’

‘बिचारी’ या शब्दावर मी बराच विचार केला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना जाग आली तर डोरीनची खाट रिकामी. मी चूळ भरायला मागे गेले. माजघराचं दार लोटलेलं होतं. आत बोलणं नव्हतं, कुणीतरी हुंकारल्यासारखा आवाज तेवढा आला. स्वयंपाकघराकडून तेलाचा वास येत होता. मग दार उघडलं. डोरीन ब्लाउजची कॉलर सारखी करत बाहेर आली आणि मागून काकूंनी तिच्या हातात एक पुरचुंडी ठेवली. लहानशी, पण जड. डोरीनचा हात खाली गेला. मला पाहताच तिनं ती टॉवेलात गुंडाळली. काकूंनी नजर वळवली.

जड पुरचुंडीत आई मुलीसाठी काय बांधून देते? घरातली बाई, तिच्या हाती सोन्याखेरीज दुसरं काय असणार? आयोजकांचे शब्द आठवले. जाब विचारावा, तर हाती पुरावा काही नव्हता. गप्प राहावं, तर बापूसाहेबांची, अकोटवाल्यांची, सगळ्यांची फसवणूक. मी ठरवलं, पंच मीच व्हायचं. बापूसाहेब आनंदानं हो म्हणाले. जेवणाचं टेबल मैदानाशी नेऊन त्यावर खुर्ची चढवली आणि मला वर बसवलं. गाव बैलगाड्यांवर, मैदानाभोवतीच्या दगडी गडग्यावर, पेरूच्या झाडांवर चढून बसलं.

कुसुम पंजाबी ड्रेस घालून आली. गावात तोच मोठा तमाशा झाला. पण तिनं पहिला फटका मारला आणि गडगा गप्प झाला.

पहिला सेट डोरीननं सहा-दोन घेतला. तिची सर्व्हिस मवाळ होती, पण जमिनीलगतचे फटके असे की चेंडू चुन्याच्या रेघेवरची पूड उडवून जाई. मला जरा हायसं वाटलं. म्हटलं, खरं खेळतेय. अकोटचे पाहुणे तंबाखू मळायला लागले.

दुसऱ्या सेटमध्ये कुसुमनं खेळ बदलला. डोरीन जाळीकडे आली की ती चेंडू उंच, अगदी पेरूच्या शेंड्याइतका उंच, डोरीनच्या डोक्यावरून टाकायची. असा चेंडू म्हणजे कुठल्याही चांगल्या खेळाडूला आयतं ताट. हात वर न्यायचा आणि ठोकायचा. डोरीन ठोकत नव्हती. मागे धावत जाऊन चेंडू टप्पा घेईपर्यंत थांबत होती. एकदा-दोनदा तिनं रॅकेट वर नेली, तर चेंडू जाळीत गेला. एकदा ती धावलीच नाही.

मी गुण पुकारत होते आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. चार-चार. पाच-चार. शेवटचा उंच चेंडू डोरीनच्या मागे पडला, तिनं वळून तो जेमतेम परतवला, आणि कुसुमनं रिकाम्या कोपऱ्यात मारला. सहा-चार. सेट कुसुमचा.

गडगा ओरडला. बापूसाहेबांची टोपी पडली. अकोटचे पाहुणे उठून उभे राहिले, तंबाखू तशीच तळहातावर. डोरीन जाळीपाशी आली, म्हणाली, ‘‘एकेक झाला. इथेच थांबू या,’’ आणि सरळ घरात गेली. तिसऱ्या सेटशिवाय! काकू दारात उभ्या होत्या. डोरीन त्यांच्याजवळून गेली तेव्हा त्यांनी तिच्या खांद्याला हळूच हात लावला.

आता मात्र माझ्यानं राहवेना. मी टेबलावरून उतरले आणि खोलीचं दार लावून घेतलं.

‘‘किती घेतलेस?’’ मी विचारलं.

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती जागची उठली. इतकी चिडलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. ‘‘मी आयुष्यात एक पॉइंट कुणाला सोडलेला नाही. लहानपणी धाकट्या भावालाही नाही.’’

‘‘मग ते उंच चेंडू? ती पुरचुंडी?’’

तिनं टॉवेल माझ्याकडे फेकला. पुरचुंडी जमिनीवर पडून सुटली. आत जाडं मीठ होतं, भाजून काळपट झालेलं.

मग तिनं उजवा हात बाजूनं उचलायला सुरुवात केली. हळूहळू वर आला, खांद्याच्या पातळीला आला आणि तिथेच अडला. ओठ दाताखाली गेले, कपाळावर घाम आला, पण हात पुढे गेला नाही. ‘‘इथपर्यंत,’’ ती म्हणाली. ‘‘करार केल्यापासून एक दिवसाआड खेळतेय. कधी बर्फाच्या मैदानावर फळ्या टाकून, कधी नाचघरात. खांदा वर्षभर दुखतोय, नागपूरपासून वर जातच नाही. काकूंनी मला टॉवेल वाळत घालताना पाहिलं. हाताला धरून आत नेलं. एक शब्द न बोलता तेल लावलं, मिठानं शेकलं. आज निदान सर्व्हिस तरी करता आली, ती त्यांच्यामुळे.’’

मी खाली बसून मीठ गोळा करू लागले.

‘‘मुंबईत अमेरिकेतल्या एका संघाचा माणूस मला पाहायला येणार आहे,’’ ती म्हणाली. ‘‘त्यानं घेतलं तर मध्ये चार महिने विश्रांती मिळेल, शस्त्रक्रिया करता येईल. आधी कळलं तर सगळं संपलं. मुंबईचा सामना होईपर्यंत कुणाला सांगू नकोस.’’

‘‘नाही सांगणार,’’ मी म्हटलं. ‘‘सामना संपेपर्यंत.’’

पुन्हा शेगाव

मला वाटलं होतं, संशयाचं प्रकरण मिटलं. ते माझ्यापुरतं मिटलं होतं. बापूसाहेब दुसऱ्या दिवशी स्वतः जीप घेऊन निघाले, काकू आणि कुसुमलाही दर्शनाच्या निमित्तानं बरोबर घेतलं. वाटभर एक शब्द बोलले नाहीत. पूर्णेच्या उतारावर काकूंनी विचारलं, ‘‘तब्येत बरी हाये ना?’’ तर नुसते हूं म्हणाले.

फलाटावर गाडीला वेळ होता. बापूसाहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

‘‘बाई, तुमी पंच होत्या. अकोटवाले काल जाताना म्हनले, मेमसायबानं पोरीले जिंकू देलं. मले बी तसंच दिसलं. मी टेनिस खेळलेला मानूस हावो, उंच बॉल कसा मारतात मले समजते. आन् काल सकायी माह्या बायकोनं इच्या हातात पुरचुंडी देली, ते गड्यानं पाह्यली. काय होतं त्यात? मी जबान देली, ते मोडनार नाही. पन खोट्या सेटवर पोरीचं आयुष्य मांडू का मी?’’

काकूंचा चेहरा उतरला. कुसुम रुळांकडे पाहत होती. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं आणि ते देण्याची मला मुभा नव्हती.

‘‘काय विचारतायत?’’ डोरीननं विचारलं.

मी शब्दन् शब्द सांगितला. सांगताना पुरचुंडीपाशी थोडी अडखळले, पण तेही सांगितलं. डोरीननं काकूंकडे पाहिलं. माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘सांगून टाक सगळं. फक्त विनंती कर की मुंबईपर्यंत त्यांच्यापाशीच राहू दे.’’

मी सांगितलं. खांदा, मीठ, तेल, नागपूर, करार. आणि हेही की तिनं एकही पॉइंट सोडलेला नव्हता. जेवढं होतं तेवढं सगळं लावून ती खेळली होती.

बापूसाहेब बायकोकडे वळले. ‘‘तुले माहीत होतं तं मले काऊन नाही सांगतलं?’’

‘‘काऊन सांगू?’’ काकू म्हणाल्या. ‘‘बाईनं दुखनं दाखवलं ते इस्वासानं. त्याची दवंडी पिटाची का? तुमाले नाही सांगतलं आन् पोरीले बी नाही सांगतलं.’’

‘‘म्हंजे लंगड्या घोड्याले हरवलं आमच्या पोरीनं,’’ बापूसाहेब म्हणाले. त्यात राग नव्हता, हिरमोड होता. ‘‘तिले समजलं बी नाही.’’

‘‘मले समजलं होतं,’’ कुसुम म्हणाली.

आम्ही सगळ्यांनीच वळून पाहिलं. दोन दिवसांत तिचं एवढं लांब वाक्य मी प्रथमच ऐकत होते.

‘‘जेवताना त्याइनं चमचा डाव्या हातात घेतला. रॅकेट तं उजव्या हातात धरतात. मंग सकायी बाई त्याइचे केस बांधून राह्यल्या होत्या, ते खिडकीतून पाह्यलं. म्हनून पहिल्या सेटमंदी दोन बॉल उंच टाकून पाह्यले. हात वर गेला नाही. मंग दुसऱ्या सेटमंदी तेच केलं.’’ ती थांबली. ‘‘मले वाईट वाटलं. पन ते थांबल्या नाहीत, तं मी कशी थांबू?’’

मी डोरीनसाठी भाषांतर केलं. शेवटच्या वाक्यावर ती हसली, आणि त्या सगळ्या प्रवासात तिला मोकळं हसताना मी तेव्हाच पाहिलं. ‘‘तिला सांग, आमच्यातल्या कुणालाही हे तिसऱ्या गेमलाच कळलं असतं. तिला एक सेट लागला. आणि तिचे दोन चेंडू फार आखूड पडले होते. दुसऱ्या कुणी तिला खाऊन टाकलं असतं.’’

कुसुमनं मान डोलावली. ‘‘हाव. तिसऱ्या गेमातला आन् आठव्यातला.’’

बापूसाहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. ‘‘तीस वर्सं झाले, बजारातून बैल आनून राह्यलो. लंगडा निंघाला का मले घरी आल्यावर समजते. पुढच्या बजाराले इलेच नेतो आता.’’ मग एकदम काळजीत पडून म्हणाले, ‘‘आन् अकोटवाल्याइले काय सांगू?’’

‘‘सांगा, पोट्टी पुण्याले जाऊन राह्यली,’’ काकू म्हणाल्या. ‘‘इच्यात काय खोटं हाये?’’

गाडी आली. डोरीननं वाकून काकूंच्या पायांना हात लावला. कुठे शिकली कोण जाणे, बहुधा देवळात पाहून. काकूंनी तिला अर्ध्यावरच धरलं आणि पदराखालून आणखी एक मिठाची पुरचुंडी काढून तिच्या हातात ठेवली. या वेळी सगळ्यांच्या देखत.

मुंबई

कुसुमची सोय मी आमच्या शाळेच्या वसतिगृहात करायचं ठरवलं होतं, जूनमध्ये ती येणार होती. तिच्याकडे पाहून वाटलं होतं, हिला खेळ शिकवता येईल; नजर शिकवता येत नाही, ती घेऊनच ती येत होती.

मुंबईचा सामना भरगच्च होता. मी दरवाजाजवळच्या बाकावर बसले होते. अमेरिकेचा माणूस पहिल्या रांगेत, पांढरी हॅट घालून. मी रोज सकाळी मीठ भाजून शेकलं होतं, आणि पहिला सेट डोरीन खरंच सुंदर खेळली. तो तिनं घेतला. हॅटवाला पुढे सरकून बसला.

दुसऱ्या सेटच्या मध्यावर तिच्या प्रतिस्पर्धी मुलीला खांद्याचं कळलं. चेंडू उंच जाऊ लागले. तिसऱ्या सेटमध्ये डोरीनला वरून सर्व्हिस करता येईना. तिनं कमरेखालून, लहान मुलींसारखी सर्व्हिस केली. प्रेक्षक आधी हसले, मग शिट्ट्या वाजू लागल्या. कुणीतरी संत्र्याचं साल मैदानात फेकलं. ते तिनं रॅकेटनं बाजूला सारलं आणि पुन्हा कमरेखालून सर्व्हिस केली. हॅटवाला उठला आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेला. डोरीननं त्याला जाताना पाहिलं. मला वाटलं, आता सोडेल. पोट दुखतंय म्हणेल, कुणी काही विचारणार नाही.

तिनं सोडलं नाही. प्रत्येक चेंडूमागे धावत होती. गाठता येणार नाही असे दिसणारे दोन तिनं गाठलेही.

माझ्या शेजारी एक सुटातले गृहस्थ होते, बरोबर बायको आणि दोन मुलं. ते आधीपासून चुळबुळत होते. ‘‘पाहिलंत?’’ ते मला म्हणाले. ‘‘धडधडीत हरतेय. ही धंदेवाईक मंडळी! पैसे खाल्लेत, लिहून देतो. तुम्हाला नाही वाटत?’’

मी समोर पाहत राहिले. शब्द दिलेला होता, आणि सामना अजून संपला नव्हता. ‘‘तुम्हाला खेळातलं कळत नसेल कदाचित,’’ ते समजुतीनं म्हणाले. मी तरीही गप्प. आणखी एक गेम. आणखी एक उंच चेंडू, तिच्या पाठीमागे पडलेला. ती वळली, धावली, पोचली, आणि चेंडू जाळीच्या पट्टीला लागून तिच्याच बाजूला पडला.

पंचांनी निकाल पुकारला. लोक उठू लागले. गृहस्थांनीही मुलाची टोपी उचलली आणि निघायला वळले.

मी त्यांची बाही धरली. ‘‘बसा जरा,’’ मी म्हटलं. ‘‘आता सांगते तुम्हाला.’’